हळदीच्या पेवातली पोर्ट

संस्थानी राजवाड्यात नोकरी केली असं कळलं, की लोक दोनच गोष्टी विचारतात. हत्ती होता का, आणि राजे किती प्यायचे! हत्ती नव्हता. आमचं संस्थान सांगलीच्या शेजारचं, एवढंसं. सकाळी घोड्यावर निघालेला माणूस जेवणवेळेला दुसऱ्याच्या हद्दीत असायचा. दुसऱ्या प्रश्नाचा मला राग येतो, म्हणून मी उत्तर देत नाही, किस्सा सांगतो. असे किस्से कुणी जमवत नसतं, घरात जुन्या छत्र्या साठतात तसे ते साठतात. विश्रामबागेत संध्याकाळी आम्ही चार म्हातारे बसतो, त्यांना यातले बरेचसे पाठ झाले आहेत. तरी ते पुन्हा विचारतात.

मी खासगीत कारकून होतो, म्हणजे राजेसाहेबांच्या घरखर्चाच्या खात्यात. राजेसाहेबांना आम्ही ‘सरकार’ म्हणायचो. माझ्या खोलीला लागून आबदारखाना होता. तिथे पिण्याचं पाणी, सरबतं आणि विलायतेहून आलेली वाइन ठेवलेली असायची. तिथले मुख्य इमामभाई. पाच वेळा नमाज पढणारा माणूस, आयुष्यात दारूचा थेंब जिभेला लावला नाही. बाटली उघडायची, कॉर्क नाकाशी धरायचा आणि ‘वाढतो’ किंवा ‘नको, सरकार’ एवढंच म्हणायचं.

एकदा सरकारांनी चेष्टेनं विचारलं, “इमाम, न पिता तुला कळतं कसं?”

इमामभाईंनी मान खाली घालून सांगितलं, “सोनार काय समदे दागिने सोता घालून बगतो व्हय, सरकार?”

*

दुसरी मोठी लढाई सुरू झाली त्या वर्षीची गोष्ट. दसऱ्याच्या आधी राजवाड्यात साफसफाईची ऑर्डर निघाली. कोठीपासून तबेल्यापर्यंत सगळं लख्ख करायचं. आबदारखाना गंगाराम नावाच्या शागिर्दाकडे आला. गंगाराम नेर्ल्याकडचा, कामाला वाघ. इमामभाई शुक्रवारच्या नमाजाला गेलेले असताना त्यानं एकूण एक बाटली अंगणात काढली, चिंच आणि राख लावून घासली आणि उन्हात ओळीनं वाळत ठेवली. बाटल्या अशा चमकत होत्या, की बघत राहावं. लेबल एकीवरही उरलं नव्हतं.

इमामभाई परत आले, त्यांनी अंगण बघितलं आणि एकेक बाटली उचलून फिरवून बघितली. कुठली बाटली कुठल्या गावची, कुठल्या सालची, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. फ्रान्समधली सरकारांच्या वडिलांनी आणलेली जुनी वाइन आणि मुंबईच्या दुकानातली कालची, दोघी एकाच अंगाच्या झाल्या.

सरकारांनी गंगारामला बोलावलं. तो हात जोडून म्हणाला, “कागद फाटकं झालं हुतं, म्हनून काडलं. आतल्या मालाला हात न्हाई लावला, सरकार.”

सरकारांना हसू आवरेना. गंगारामची नोकरी त्या हसण्यावर वाचली.

या घासाघाशीतून एकच पेटी सुटली, कारण ती खिळे ठोकून बंद होती. ती बाळराजांची पेटी. पुढचे किस्से सगळे तिच्याभोवतीच फिरतात, म्हणून ती काय होती ते सांगून टाकतो.

*

बाळराजे म्हणजे सरकारांचा एकुलता एक मुलगा. विलायतेत थोरामोठ्यांच्या घरी रीत आहे म्हणे, मुलगा जन्माला आला की त्याच्या जन्मसालची पोर्ट वाइन घेऊन ठेवायची आणि तो एकवीस वर्षांचा झाला की उघडायची. पोर्ट ही सावकाश मुरणारी वाइन. तिला तेवढी वर्षं लागतातच, मुलालाही लागतात. सरकार इंग्रजी मास्तरांच्या हाताखाली वाढलेले, त्यांना ही रीत फार आवडली. पुण्याच्या कँपातले रुस्तुमजी नावाचे पारशी व्यापारी आम्हाला माल पुरवायचे. त्यांनी पेटी मागवून दिली.

राणीसाहेबांना, म्हणजे आईसाहेबांना, हे अजिबात पटलं नव्हतं. सोमवार, एकादशी, चतुर्थी करणारी बाई. “पोराच्या नावानं लोक झाड लावतात,” त्या म्हणाल्या होत्या, “तुम्ही दारू ठेवा.” त्या साफसफाईनंतर देवघर मोठं केलं आणि त्याची भिंत आबदारखान्याला येऊन भिडली, तेव्हा त्यांनी निक्षून सांगितलं, देवाच्या भिंतीला दारू नको, ही पेटी तर नकोच.

बाकीच्या बाटल्या तबेल्यामागच्या खोलीत गेल्या. पण ती खोली उन्हाळ्यात भट्टीसारखी तापायची आणि उन्हानं पोर्ट बिघडते. इमामभाईंनी तोड काढली, हरिपूरचं पेव. सांगलीच्या माणसाला पेव सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगतो. हळद साठवायला जमिनीत खोल खोदलेला खड्डा. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत घागरीसारखा रुंद. पाला अंथरून हळद भरायची, वर फरशी ठेवून चिखलानं लिंपायचं. आत ना ऊन, ना कीड.

पेव बापू नावाच्या माणसाचं होतं. पेव उघडल्यावर त्यानं आधी दोरीनं कंदील आत सोडला. आतली हवा कोंडलेली असते, ज्योत विझली तर माणूसही विझतो. ज्योत जळत राहिली, तेव्हा पेटी उतरली. इमामभाई काळजीत होते, बाटल्या नीट राहतील ना.

“हळद वर्सानुवर्सं ऱ्हाती ह्यात,” बापू म्हणाला. “तुमची बाटली काय तिच्यापरास नाजूक हाय व्हय?”

*

रुस्तुमजी वर्षातून एकदा यायचे आणि मालापेक्षा गोष्टी जास्त आणायचे. मदिरा नावाच्या बेटावरच्या वाइनची गोष्ट त्यांच्याच तोंडून ऐकली. शिडाच्या जहाजांच्या काळात ती पिंपांतून हिंदुस्थानाकडे यायची. न खपलेलं पिंप तसंच परत जायचं आणि गंमत अशी, की वाटेतलं ऊन खाऊन, हिंदकळून ती वाइन आणखी चांगली व्हायची. मग लोक मुद्दाम पिंपं हिंदुस्थानला फिरवून परत नेऊ लागले. अशा वाइनला भाव जास्त!

“हिंदुस्थानला जाऊन परत आलेली,” रुस्तुमजी कौतुकानं म्हणाले.

जेवणाच्या टेबलाशी एक गोरे साहेब पाहुणे होते. सरकारांनी त्यांच्याकडे न बघता मराठीत म्हटलं, “परत गेली, हेच विशेष.”

*

रुस्तुमजींनीच फ्रान्सचीही हकिगत आणली होती. जर्मन सैन्य गावात शिरायच्या आत तिथल्या वाइनवाल्यांनी तळघरांत मध्येच भिंती बांधल्या आणि चांगला माल भिंतीआड लपवला. भिंत नवी दिसू नये म्हणून तिच्यावर जुनी कोळिष्टकं आणून लावली, समोर लाकडं रचली. पिढ्यान्‌पिढ्यांची ठेव होती ती, शत्रूच्या घशात कशी घालायची?

सरकार ऐकत होते. मग म्हणाले, “आमची आधीच जमिनीत आहे.”

तेव्हा बाळराजे सैन्यात अफसर होऊन मलायाकडे गेलेले होते. टेबलाशी त्यांची खुर्ची रिकामी होती. त्यामुळे त्या वाक्यावर कुणी फारसं हसलं नाही.

*

सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं आणि बाळराजांची बातमी यायची थांबली. ना कैदेत असल्याची, ना दुसरी. आईसाहेबांनी एकच धरलं, तो येणार. ‘बाळराजे आल्यावर’ याशिवाय त्यांचं वाक्य सुरू व्हायचं नाही. बाळराजे आल्यावर गच्चीला रंग, बाळराजे आल्यावर मुली बघायच्या.

बाळराजांना एकवीस वर्षं पूर्ण झाली, तो दिवस आला. सरकारांनी हळूच विचारलं, एक बाटली उघडून त्याचं नाव घ्यावं का? मी कागद घेऊन दारात उभा होतो.

“तो नाही तर बाटली नाही,” आईसाहेब म्हणाल्या. “तो येईल आणि स्वतः उघडेल. तोवर पेटीला कुणी हात लावायचा नाही.”

ज्या बाईला ही पेटी देवाच्या भिंतीलाही चालत नव्हती, ती त्या दिवसापासून पेटीची राखण करू लागली. पेटी जशीच्या तशी आहे तोवर मुलगा वाटेत आहे, असं काहीतरी त्यांच्या मनानं घेतलं होतं. दर पौर्णिमेला त्यांचा ड्रायव्हर हरिपूरला जाऊन विचारून यायचा, पेव कोरडं आहे ना?

एका श्रावणात कृष्णा चढली. हरिपूर संगमावरचं गाव, पाणी घाटाच्या वरच्या पायऱ्यांना लागलं. आईसाहेबांचा सोमवारचा उपास होता. संध्याकाळी तो सोडायचा, पण निरोप आल्याशिवाय त्या पाटावर बसेनात. ड्रायव्हर चिखलानं माखून आला आणि त्यानं बापूचा निरोप जसाच्या तसा सांगितला, “आईसायबास्नी म्हनावं, पानी घाटावर हाय, पेवात न्हाई. तुमी जेवून घ्या.”

आईसाहेबांनी ते ऐकलं आणि ताटाला नमस्कार केला.

*

त्याच काळात चळवळीतली भूमिगत पोरं गावोगाव दारूचे गुत्ते मोडत होती. कुणीतरी त्यांना सांगितलं, हरिपूरच्या पेवात राजाची दारू आहे. एका दुपारी चौघंजण बापूच्या खळ्यावर आले, हातात कुऱ्हाडी.

“पेवात बाटल्या हायत का?” त्यांच्यातल्या थोराड पोरानं विचारलं.

बापू खोटं बोलला नाही. “हायत. पन राजाच्या न्हाईत त्या, त्याच्या पोराच्या हायत. त्यो लढाईवर गेलाय, आजून आला न्हाई. त्याची आय वाट बगती, म्हनून ठिवल्यात. तुमास्नी फोडायच्या तर फोडा. तिला सांगाय मातर तुमी जावा.”

ती पोरंही कुणाच्या तरी घरून निघून आलेली होती. त्यांनी बापूकडे पाणी मागितलं, झाडाखाली बसून प्यायली आणि आली तशी गेली. जाताना त्या थोराड पोरानं पेवाच्या फरशीवरची भेग बापूला दाखवली.

“ही लिंपून घ्या मामा,” तो म्हणाला. “पावसाचं पानी जाईल.”

*

लढाई संपली. कैदेतली माणसं घरोघर परतली. सरकार वाट बघता बघताच वारले. मग बाळराजांच्या पलटणीतला एक अफसर राजवाड्यावर आला. दिवाणखान्याचं दार लावून आईसाहेब त्याच्याशी बराच वेळ बोलल्या. काय बोलणं झालं, ते आम्हाला कधी कळलं नाही. तो गेल्यावर त्यांनी देवापुढे दिवा लावला आणि रोजच्यासारख्या जेवायला बसल्या. पुढच्या पौर्णिमेला ड्रायव्हर गाडी पुसून तयार राहिला होता. त्याला निरोप आला नाही.

संस्थान विलीन झालं, मागोमाग दारूबंदी आली. एक तरुण इन्स्पेक्टर दोन शिपाई घेऊन आला. वडूजकडचा पोरगा होता, सरळ होता, पण हुकूम तो हुकूम. तबेल्यामागे बाटल्या फोडायचं ठरलं. इमामभाई एकेक बाटली बाहेर आणायचे, खांद्यावरच्या रुमालानं पुसायचे आणि मग शिपायाच्या हातात द्यायचे.

“फोडायचीच आहे ना,” इन्स्पेक्टर म्हणाला, “पुसता कशाला?”

“इतकी वर्सं घरात हुती, साहेब,” इमामभाई म्हणाले. “धुळीची कशी घालवायची?”

गटारातून लाल पाणी वाहत होतं. लेबल नसलेल्या त्या बाटल्यांत फ्रान्सची कुठली आणि मुंबईची कुठली, ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. सगळं संपल्यावर इन्स्पेक्टरनं विचारलं, “आणखी काही?”

इमामभाई रुमाल झटकू लागले. मी जमिनीकडे बघत होतो. आईसाहेब जिना उतरून कधी आल्या, ते आम्हाला कळलंच नाही.

“एक पेटी आहे,” त्या म्हणाल्या. “हरिपूरला. चला, मीही येते.”

बापूनं फरशी काढली, कंदील सोडला, ज्योत नीट जळली. पेटी वर आली. खिळे उपटले, तर बाटल्या जशा ठेवल्या तशाच होत्या. शिपायानं पहिली उचलली.

“थांबा,” आईसाहेब म्हणाल्या. “इमामभाई, एक उघडा.”

“आईसाहेब, कायद्यानं...” इन्स्पेक्टर म्हणाला. मग तो नदीकडे तोंड करून उभा राहिला.

इमामभाईंनी कॉर्क काढला आणि सवयीनं नाकाशी नेला. “वाढतो,” ते म्हणाले. बापूनं घरातून पितळी पेला धुऊन आणला. आईसाहेबांनी पदर सावरला, पेला दोन्ही हातांनी धरला आणि एक घोट घेतला. मग तिथेच पेवाच्या फरशीवर बसून राहिल्या.

“कशी हाय, आईसाहेब?” इमामभाईंनी विचारलं.

“गोड आहे,” त्या म्हणाल्या. “त्याला गोड फार आवडायचं.”