देल्फिनाचा एकही फोटो नाही

माझा मेहुणा एवारिस्तो याच्याकडे सापांचे इतके फोटो आहेत की आमची अख्खी गल्ली आतून-बाहेरून मढवता येईल. बायकोचा मात्र एकही नाही. हे मला ऑक्टोबर संपता संपता कळलं, देल्फिनाची वेदी मांडायला घेतली तेव्हा, आणि माझं डोकंच फिरलं.

देल्फिना माझी धाकटी बहीण. मार्चमध्ये गेली. नोव्हेंबर लागताच, मृतांच्या दिवसांत, गेलेली माणसं घरी येतात; ती पहिल्यांदाच यायची होती, आणि वेदीवर तिचा चेहरा नको? झेंडूची फुलं, पाव, मोलेचा दाट तिखट रस्सा, तिची दालचिनी घातलेली कॉफी, सगळं मी बघणार होते. "तू फक्त फोटो दे," एवढंच मी एवारिस्तोला सांगितलं होतं. तो शिवणयंत्रावरून उठलाच नाही. खाली बघून म्हणाला, "शोधतो, ताई." तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

माणूस वाईट नाही. उलट इतका गरीब आहे की त्याच्यावर ओरडायचं तर आपल्यालाच लाज वाटते. आमच्या हालापा शहरातल्या निम्म्या घरांचे सोफे त्यानेच मढवलेत. दिवसभर तोंडात बारीक खिळे धरून काम करतो, म्हणून बोलायची सवयच गेली असावी. व्यसन नाही, फुटबॉल नाही. मागच्या खोलीत काचेच्या पेट्या आहेत आणि पेट्यांत त्याचे साप. सगळ्यांत थोरली कानेला, दालचिनीच्या रंगाची बोआ, अजगरासारखीच मोठी नि बिनविषारी. लग्न होऊन देल्फिना त्याच्या घरात आली तेव्हा कानेला तिच्या आधीपासून तिथे होती. "मला सवत आहे गं, आणि तीही बिनपायाची," असं ती बाजारात भाजीवालीला सांगायची.

फोटो काढायचे ते अंगणात, सकाळच्या उन्हात. त्यातही या सापवाल्यांचे सतरा नियम. खाल्लेल्या सापाला हात लावायचा नाही. कात टाकायच्या आधी डोळे दुधाळ होतात, तेव्हा तर नाहीच. कात टाकली की अंगावर तेलाच्या तवंगासारखे रंग चमकतात, तो मुहूर्त. काळं कापड पसरायचं, त्यावर साप ठेवायचा आणि वरून गवती टोपी पालथी घालायची. अंधारात साप शांत होतो, नीट वेटोळं घालून बसतो. मग एकाने टोपी अलगद उचलायची आणि दुसऱ्याने त्याच क्षणी फोटो काढायचा. टोपी उचलायचं काम देल्फिनाचं. सापाला ती बोटही लावायची नाही, पण टोपी तिच्यासारखी कुणी उचलत नसे, असं एवारिस्तोच सांगतो.

आणि स्वतःचा फोटो? छे. कॅमेरा वळला की ॲप्रन तोंडावर. पुढचा दात तुटल्यापासून तर हसतानासुद्धा हात आडवा. लग्नाचा फोटो आमच्या इथल्या ओलीने खाल्ला, नुसती बुरशी उरली. राहता राहिलं मतदार कार्ड. त्यावर ती अशी दिसते की जणू नुकतीच चोरी करताना सापडलीय. ते मी वेदीवर ठेवणार नव्हते. माझी बहीण घरी येऊन ते तोंड बघेल आणि उलट्या पावली परत जाईल.

म्हणून मीच त्याच्या संगणकापुढे बसले. मला सापांची किळस येते, तरी बसले. साप, साप, साप. वेटोळ्यातला, फांदीवरचा, जीभ बाहेर काढलेला. कुठे एखादी सावली नाही, की टोपीची कड नाही.

"अरे, ती शेजारीच उभी असायची ना? मग एकातही कशी आली नाही?"

एवारिस्तोने तोंडातले खिळे काढून हातात घेतले. मग म्हणाला, "यायची, ताई. साप हलला की कॅमेरा त्याच्यामागे फिरायचा, तेव्हा यायची. पण साप हलला तर त्याचा डोळा पुसट येतो. डोळा पुसट आला की तो फोटो गेला. आम्ही सापवाले ठेवत नाही तसले."

"म्हणजे?"

"पुसून टाकायचो. त्याच संध्याकाळी."

"माझ्या बहिणीला?"

"मी तिच्याकडे बघतच नव्हतो हो. सापाचा डोळा बघायचो," तो म्हणाला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. मला त्याची कीव यायला हवी होती. नाही आली. मी म्हटलं, "रड, चांगला रड," आणि तरातरा घरी निघून आले.

राग कुणावर तरी काढायचा होता. त्याच्या कंपूत नाबोर म्हणून एक आहे, कोआतेपेक गावात कॉफी भाजतो. रविवारी हे सगळे जमतात आणि एकमेकांच्या फोटोंतल्या चुका काढतात. नाबोर त्यांचा म्होरक्या. त्याला फोन लावला आणि जे तोंड सोडलं ते सोडलं. "हे नियम तुमचेच ना? तुम्ही सापवाल्यांनी मिळून माझ्या बहिणीला पुसून टाकलंत. आता मी वेदीवर काय ठेवू, कात?"

नाबोरने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "एर्मेलिंदाबाई, जरा थांबा. मी आळशी माणूस आहे. माझ्या फोनमधून मी काहीच पुसत नाही. एवारिस्तोने मला एकदा एक बिघडलेला फोटो पाठवला होता, काय चुकलं ते विचारायला. बघतो."

आळशी माणसाचं इतकं भलं मी आजवर कधी चिंतलं नव्हतं.

तासाभरात फोटो आला. खाली त्यांचं जुनं बोलणंही होतं. एवारिस्तोने विचारलेलं, "कानेलाचा डोळा का नाही आला?" नाबोरचं उत्तर, "कॅमेऱ्याने तुझ्या बायकोचा चेहरा धरला, म्हणून. पुसून टाक." आणि या बैलाने पुसला होता.

एवारिस्तोने मग सांगितलं, त्या दिवशी टोपी उचलताच कानेला सुसाट निघाली होती, थेट गटाराकडे. एवारिस्तोच्या हातात कॅमेरा. मग जिने कधी बोट लावलं नव्हतं तिनेच झडप घालून तिला उचललं. कानेला तिच्या अंगावर चढली, तेवढ्यात कॅमेरा चालला. कानेला म्हणजे नुसता तपकिरी फराटा. मागे देल्फिना, पापणीचा केसन्‌केस दिसावा इतकी स्वच्छ. तोंड भरून हसतेय, तुटका दात दाखवत. दोन्ही हात अडकलेले, मग तोंड झाकणार कशाने?

मी तो मोठा करून छापून आणला आणि वेदीसमोर कात्री घेऊन बसले. आमच्यात साप म्हणजे सैतान, तो वेदीवर मांडायचा म्हणजे काय? पाद्रीबाबा येतात, शेजारणी येतात. एवारिस्तो दारात उभा होता. "कापा, ताई," तो म्हणाला. "माझी हरकत नाही. मला आता ती एकटी दिसली तरी पुरे."

मी कात्री लावली. कानेला देल्फिनाच्या उजव्या मुठीतून निघून मनगटाला वळसा घालून दंडावर चढलेली, तिथून मानेमागून डाव्या खांद्यावर आलेली, आणि शेपटी डाव्या हातात. उजवीकडून कापू गेले तर हात जात होता, वरून कापू गेले तर मान. कात्री फिरवून फिरवून बघितली. साप काढायचा तर माझी बहीण उरत नव्हती.

शेवटी कात्री खाली ठेवली, आणि मोले, पाव नि कॉफीच्या मधोमध दोघींना उभं केलं.