खाजाभाई भिस्त्याचं कडू पाणी

भिंगारच्या बाजारात खाजाभाई भिस्ती येतोय हे डोळ्यांआधी नाकाला कळायचं. पाठीवर बकऱ्याच्या कातड्याची, पाण्यानं भरलेली पखाल, कमरेला लाल फडकं आणि अंगाला कडुलिंबाचा वास. लिंबाच्या काडीनं दात घासणार, लिंबाच्या पाल्यानं आंघोळ करणार, खरूज उठली की पाला वाटून लावणार. ज्वारीच्या कणगीत पाला, गोधड्यांच्या घडीत पाला. आणि खरं सांगायचं तर यातलं बरंचसं लागूही पडायचं. त्याच्या ज्वारीला कीड नव्हती आणि पन्नाशी गाठली तरी गडी सुपारी दातानं फोडत होता.

एवढ्यावर थांबला असता तर शहाणा ठरला असता. पण माणसाला एक औषध लागू पडलं की तो जगातले सगळे रोग त्याच्याच गळ्यात बांधतो. लिंबाच्या काढ्यानं धुतलेल्या पखालीतलं पाणी प्यायलं की पटकीची साथ शिवतसुद्धा नाही, असं खाजाभाईनं ठरवून टाकलं होतं. पखाल धुतली त्या दिवशी गिऱ्हाइकं तोंड वाकडं करायची.

"कडू लागलं म्हंजी धुतलीया," खाजाभाई म्हणायचा. "गोड लागंल तवा घाबरा!"

त्याचा मेहुणा रज्जाक दवाखान्यात कंपाउंडर होता. तो एकदा बिचारा सांगायला गेला, "दुल्हेभाई, लिंब खरजेला ठीक हाय. पन पटकीचा जंतू पान्यात ऱ्हातो, तो पाल्याला भीत न्हाई. त्याला चूलच पायजे. पानी उकळत जा."

खाजाभाईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "भिस्त्याच्या घरात भिस्त्याचं पानी उकळायचं? लोक काय म्हनतील? उद्या हलवायाला सांगशील, पेढे शेजारच्या दुकानातनं आन!"

रज्जाकची बहीण, म्हणजे खाजाभाईची बायको बद्रुन्निसा, भावाची बाजू घेऊन दोन शब्द बोलली, तर हा दोन दिवस जेवला नाही. मलिका, त्यांची एकुलती एक लेक, तेव्हा रांगत होती. त्यानंतर त्या घरात उकळण्याचा विषय कोणी काढला नाही. पुढे दोनदा गल्लीत पटकी आली, शेजारच्या घरांतून माणसं गेली, पण खाजाभाईचा उंबरा तिनं ओलांडला नाही. मग काय विचारता! चावडीवर, मशिदीच्या पायऱ्यांवर, न्हाव्याच्या ओट्यावर त्याचं एकच पालुपद. लिंब, लिंब आणि लिंब. घरी येऊन बायकोला विचारायचा, "माज्या पान्यानंच घर राखलं का न्हाई?" ती म्हणायची, "व्हय."

त्याची तक्रार एकच होती. "या घरातलं सरपन जातं कुठं? खाणारी तोंडं तीन, आन् लाकडं भटारखान्याएवढी!"

"ओली असत्यात," बद्रुन्निसा म्हणायची आणि भाकरी थापत राहायची.

मलिकाचा निकाह ठरला तेव्हा दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती आणि साखर अजून रेशनवरच होती. मुलगा तिसगावच्या बाबाजानचा. बाबाजान म्हणजे पांढऱ्या मिशांचा, कमी बोलणारा शेतकरी. स्थळ चांगलं, घर खाऊनपिऊन सुखी. पण त्या उन्हाळ्यात पुन्हा पटकीची कुजबुज सुरू झाली आणि खाजाभाईची झोप उडाली. वऱ्हाडातलं एक जरी माणूस पाणी पिऊन पडलं, तर पोरीला जन्मभर ऐकून घ्यावं लागणार होतं. भिस्त्याच्या दारात पाण्यानं घात केला, यापरती बदनामी नाही.

म्हणून त्यानं नवी कोरी पखाल घेतली. एरवीपेक्षा चौपट दाट काढा केला, तो पखालीत भरून मुरत ठेवला, आणि एवढ्यानंही समाधान होईना तेव्हा पाल्याची एक पुरचुंडी आतच ठेवून दिली. लग्नाच्या सकाळी त्याच पखालीनं रांजण भरले. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. आणि स्वतः चाखूनही पाहिलं नाही, कारण पाहुण्यांआधी भिस्त्यानं पाणी तोंडाला लावायचं नाही, हा त्याच्या बापानं घालून दिलेला दंडक होता. अति तिथं माती म्हणतात ती अशी.

बैलगाड्या आल्या, गळाभेटी झाल्या. गुळाच्या सरबताचा पहिला पेला बाबाजानला. त्यानं मोठा घोट घेतला आणि मिशा ताठ उभ्या राहिल्या. मागं वऱ्हाडात एकेकाचा चेहरा आंबत गेला.

"खाजाभाई," बाबाजान पेला खाली ठेवत म्हणाला, "पाडव्याला कडुलिंब खात्यात. निकाहाला न्हाई."

कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. खाजाभाईनं त्या घडीला माफी मागायची, तर तो म्हणतो, "कडू न्हाई, दवा हाय ती!"

"दारातच कडू पाजलंत, पुढं काय पाजणार?" बाबाजान उठला. "बैल जुंपा रे."

तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय, ते खाजाभाईला त्या दिवशी कळलं. पडद्याआड मलिका नवरीच्या कपड्यांत बसलेली. त्यानं धावत जाऊन बाबाजानचे हात धरले. "आमी सोता हेच पितो! आमच्या घरात आजवर कुनी पडलं न्हाई. घरातलं पानी आना! ह्यास्नी दावा!"

पडद्याआडून हंडा यायला जरा वेळच लागला. जुन्या पखालीतलं कालचं पाणी होतं. वर लिंबाची दोन पानं तरंगत होती. बाबाजाननं घोट घेतला, जिभेवर घोळवला, पुन्हा घेतला.

"हे कडू न्हाई," तो म्हणाला. "पन ह्याला धुराचा वास येतोय. हे चुलीवरनं उतरवल्यालं पानी हाय."

"माज्या घरात? शक्यच न्हाई!" खाजाभाई म्हणाला आणि पडद्याकडं बघत राहिला.

पडद्यामागं कोणी खोकलं. मग बद्रुन्निसाचा आवाज आला, अगदी बारीक. "उकळते मी. मलिका रांगत हुती तवापासनं. पानी घालायला हे भाईर गेले की चूल पेटवते. गार झालं की वर दोन पानं टाकते."

सगळं सरपण एका क्षणात खाजाभाईच्या डोळ्यांपुढून गेलं.

बाबाजाननं हंड्यातली पानं बोटानं बाजूला सारली. "गेल्या साली माजी घरवाली पटकीनं गेली," तो म्हणाला. "डाक्टर मागनं बोलला, पानी उकळून प्यायला पायजे हुतं. आधी सांगनारं आमच्यात कुनी नव्हतं." त्यानं मिशांवरून हात फिरवला. "हे पोरीला येतं का?"

नवरीनं बोलू नये, पण मलिका बोलली. "अम्मा बाजारात गेली की मीच उकळते."

खाजाभाईवर हा दुसरा घाव. पण बाबाजान मात्र मोठ्यानं हसला. "बैल सोडा रे!"

दुसरं पाणी उकळून सरबत झालं, निकाह झाला, दालचा-खान्याचं जेवण झालं. खाजाभाई मात्र कणगीला टेकून एकटाच बसला होता. लोकांना वाटलं, रागावला. राग नव्हता तो. पाणी उकळलं याचं त्याला तितकं लागलं नव्हतं. इतकी वर्षं आपण छाती फुगवून विचारत होतो आणि ही प्रत्येक वेळी "व्हय" म्हणत होती, तेच त्याला खुपत होतं. फार लाज वाटत होती त्याला, आणि बायकोबद्दल फार माया.

गाडी निघायच्या वेळी तो पाणी उकळायचा तांब्याचा हंडा घेऊन आला. हंड्याचं बूड काजळीनं काळंकुट्ट होतं. इतक्या वर्षांत त्यानं ते उलटं करून कधी पाहिलंच नव्हतं. हंडा त्यानं मलिकाच्या पायाशी ठेवला.

"रोज उकळायचं," तो म्हणाला. "आन् वर लिंबाची दोन पानं टाकायची."

मलिका रडता रडता थांबली. "उकळल्यावर पाला कशाला, अब्बा?"

खाजाभाईनं मागं उभ्या असलेल्या बद्रुन्निसाकडं पाहिलं.

"नवरा म्हनंल, माज्यामुळंच घर सुखरूप हाय. त्याला दावायला काय तरी नको का? तवा नुसतं व्हय म्हनायचं, बेटा. तुजी अम्मा म्हनत आली तसं."