भुजंगची गाडी हळू कशी झाली

पडदा वर जातो, तेव्हा परतुरात महेबूब मिस्त्रीच्या गॅरेजसमोर भुजंगची दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक मोटरसायकल उभी आहे. शर्यतीच्या गाडीवरून घडवलेली! आम्हा गावच्या हौशी नटांच्या नाटकाला जमत नसे एवढी गर्दी तिच्या आवाजाला.

भुजंगची आई द्वारकाबाई गुपचूप आली. "महेबूबभाऊ, गाडी हळू करा. पोरगं हाती राहू द्या. पण त्याला सांगू नका."

महेबूबनं कार्बोरेटरमध्ये पेट्रोल-हवा कमी जाईल अशी अडकण बसवली. गाडी मंदावली. पुढं त्याच गाडीची नवी मॉडेलंही कंपनीनं मायलेजपायी मंदच काढली, म्हणून भुजंगला संशय आला नाही. "आपली थकली," म्हणत भुजंगनं ती भंगारात दिली आणि रडला.

तेव्हापासून तो दिसला की महेबूब मान खाली घाली. द्वारकाबाई वारल्यावर मात्र त्यानं मला सोबत घेऊन भुजंगचं दार वाजवलं.

"भुजंगभाऊ, गाडी बिलकुल थकली न्हवती. म्याच तिचा गळा दाबून ठिवल्ता."