संजूचा न मोडलेला गुडघा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — तो शेवटचा पडून होता तेव्हा सांगून टाकता आलं असतं, कुणाकडे जाऊन चुगली करण्याची त्याची परिस्थिती नव्हती. तरी नाही. देवालाही नाही. म्हटलं, त्याच्या लक्षात नसेल तर आपण होऊन कशाला आठवण द्या? तुला सांगते. नावं खरीच लिहिते आहे. बदलली तर तेही एक खोटंच झालं, आणि माझ्या वाट्याचं खोटं बोलून मी केव्हाच संपवलंय.

माझा मुलगा संजू फुटबॉल खेळायचा. हौसेनं नाही, पोटासाठी. पुढच्या फळीत, गोल मारायच्या जागेवर. आमच्या वडनेर भोलजीत पोराला फुटबॉलचा पगार मिळतो हे लोकांना पटायलाच दोन दिवाळ्या गेल्या. आज आमच्या पुढच्या खोलीत भिंतीवर त्याच्या जर्सी टांगलेल्या आहेत — गोव्याची, कोलकात्याची, शिलाँगची, केरळातली, एक थेट मालदीवची. येणारा-जाणारा बघतो आणि म्हणतो, काय फिरला हो तुमचा पोरगा! मी पण म्हणते, हो ना, पायाला भिंगरीच होती त्याच्या.

पण का फिरला? हे कधी कुणी विचारलं नाही. चांगला खेळणारा गडी एका गावाला दुसऱ्या वर्षी नकोसा का होतो? दर हंगामाला बिऱ्हाड का पाठीवर?

मला माहीत आहे, का ते. म्हणून मी लगेच चहा टाकायला उठते.

संजू आता गावातच पोरांना शिकवतो. हिवाळ्यात मैदानावर सामने होतात, आणि शेवटच्या दिवशी मला पहिल्या रांगेत खुर्ची असते. शाल, श्रीफळ. शाली इतक्या झाल्यात की आता मी त्या उन्हाळ्यात कुरड्यांवर झाकते. मग संजू माईक घेतो आणि म्हणतो, ‘माझ्या आईनं मला कधीच अडवलं नाही.’ टाळ्या. दरवर्षी तेच वाक्य, आणि दरवर्षी माझी मान शालीत आत-आत जाते. लोकांना वाटतं, म्हातारी लाजली. उठून कुठे जाणार? पहिल्या रांगेतून उठलेली बाई सगळ्या गावाला दिसते.

समोर गोलाचे खांब असतात. पांढरे, नवे रंगवलेले. ते रफिक करून देतो. सामन्यांच्या आधी टेम्पोत घालून आणतो, उभे करतो, आणि संजू यायच्या आत निघून जातो. संजू त्याचं नाव घेत नाही. ‘वेल्डिंगवाला’ म्हणतो. एकाच गल्लीत वाढलेली पोरं ही. एक गोल मारायचा, दुसरा अडवायचा. माझ्या घरी एकाच ताटात जेवायची, आणि भाकरीच्या पापुद्र्यावरून भांडायची.

आता त्या वेळची मी कशी होते ते ऐक, म्हणजे हसायला येईल. चाळिशी उलटलेली, हातात कोपरापर्यंत बांगड्या, आणि तोरा असा की गल्लीतली पाण्याची टाकीसुद्धा मला विचारून भरते. संजूचं लग्न मी रोहिणखेडच्या मुलीशी जमवलं होतं. साक्षगंध ठरलं होतं — तुमच्याकडे साखरपुडा म्हणतात — आणि मी गावभर सांगून ठेवलं होतं की असा मांडव कुणी पाहिला नसेल. संजू नागपूरच्या संघातून रजेवर आला होता. रफिकही त्याच संघात होता, पण देशाच्या संघासाठी पोरं निवडायचं मोठं शिबिर लागलं होतं, तो तिकडे गेला होता. संजूचं नाव त्या यादीत आलं नव्हतं. त्याचं तोंड उतरलेलं, आणि माझं? मी आतून खूश. पोरगा मांडवात सापडणार होता.

आणि फोन आला.

संजू बापाबरोबर नांदुऱ्याला कपडे घ्यायला गेला होता. मी एकटी, हात पिठाचे. पलीकडे शिबिराचे साहेब. म्हणाले, एक गडी गळाला आहे, संजूला लगेच पाठवा, उद्याच निघू द्या. उद्या! परवा साक्षगंध. आचारी सांगितलेला, रोहिणखेडहून जीप भरून माणसं यायची. नवरदेवच नाही म्हटल्यावर मला काय म्हणतील — बघ, मला काय म्हणतील, एवढंच आलं डोक्यात. पोराचं काही आलंच नाही.

मी म्हटलं, साहेब, तो नाही येऊ शकत. पडला तो. पाय —

कोणता भाग, त्यांनी विचारलं. काय झालंय नक्की?

त्या आठवड्यात माझाच गुडघा दुखत होता. तेल लावून बसायची मी. तर तोच तोंडात आला. म्हटलं, गुडघा. आतून तुटलंय म्हणतात डॉक्टर. आणि वर मोठी शहाणी, एक हुंदकाही दिला.

मला काय ठाऊक? घोटा म्हटलं असतं तर पंधरवड्यात बरा झाला असता. पाठ म्हटली असती, ताप म्हटला असता. गोल मारणाऱ्याचा गुडघा गेला म्हणजे काय, हे गोठ्यातल्या गाईच्या खुरापलीकडे पाय न पाहिलेल्या बाईला कुठलं कळायला! मी फोन ठेवला आणि पुरणाला डाळ भिजत घातली. मांडव झकास झाला. लोक अजून नाव काढतात.

ती गोष्ट मग माझ्या हातात राहिली नाही. खेळाडूंच्या जगात तोंडातून तोंडात गेली. संजूचे पाय तपासले तर धडधाकट निघायचे, तरी कराराचा कागद करताना संघाचा माणूस म्हणायचा, एकाच हंगामाचं करू, गुडघ्याचं काही सांगता येत नाही. त्या एका वर्षात गोल मारून दाखवायचे, आणि पुढच्या गावाला पुन्हा शून्यापासून. भिंतीवरच्या त्या जर्सी — आता कळलं ना का इतक्या?

तू म्हणशील, झालं, एवढंच? खोटं बोललीस, पोराच्या नशिबात माती कालवलीस. नाही. एवढंच असतं तर मी केव्हाच सांगून मोकळी झाले असते. आईचं चुकलं म्हटलं की लोक माफ करतात, फार लाड असतात आपले. खरं पुढे आहे. तिथे यायला मी मुद्दाम उशीर लावते आहे, हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

दोनेक महिन्यांनी संजू नागपूरहून तणतणत घरी आला. संघातल्या कुणीतरी त्याला सांगितलं होतं — तुला शिबिराचं बोलावणं होतं, पण तुझा गुडघा गेलाय असं तुझ्याच गावच्या गोलकीपरनं साहेबांना सांगितलं. मी तव्यावर भाकरी टाकत होते. मला तेव्हाच कळायला हवं होतं काय झालं असेल. आणि कळलंही होतं. साहेबांनी फोन ठेवून रफिकला विचारलं असणार, खरं आहे का हे?

संध्याकाळी रफिक आपणहून आला. अंगणात उभा राहिला, चपला हातात धरून. संजू आतूनच ओरडला, ‘तुनंच सांगतलं ना बे साहेबाले?’

‘हाव.’

‘काऊन बे? काय वाकडं केलं होतं म्या तुह्यं?’

रफिकनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. तो माझ्याकडे बघत होता. वाट बघत होता. किती वेळ — भाकरी करपल्याचा वास आला, इतका वेळ. मी एक वाक्य बोलायचं होतं, फक्त एक. आणि मी बोलले. म्हटलं, ‘रफिक, अरे माह्या हातचं खाल्लं तुनं. असं काऊन केलं रे बापा?’

हे मी केलं. गुडघा नाही — हे.

त्यानं मान खाली घातली. ‘चुकलं माहं, मावशी,’ म्हणाला. चपला घातल्या आणि गेला. त्यानंतर तो त्या शिबिराच्या पुढे गेला नाही, नागपूरलाही परतला नाही. संजू असलेल्या संघात कसा राहणार? गावात वेल्डिंगचं दुकान टाकलं.

आणि दर ईदला त्याच्या घरून मला शिरखुर्म्याचा डबा येतो. त्याची बायको मागच्या दारानं आणून देते, संजू मैदानावर असतो तेव्हा. मी तो माझ्या पातेल्यात ओतून घेते. रिकामा डबा परत द्यायचा नसतो, म्हणून त्यात करंज्या भरते. संजूनं पहिल्यांदा विचारलं होतं, कुणाकडचा? मी म्हटलं, गल्लीतल्या शबानाभाभीकडचा. ती तर बिचारी कधीच मुंबईला लेकाकडे गेली. संजूच्या ध्यानात नाही. तिच्या नावानं तो अजून दुवा देतो.

या ईदच्या दुसऱ्या दिवशी डबा द्यायला मीच गेले. रफिकची दाढी पांढरी झालीय. एका फाटकाला सळ्या लावत बसला होता. मी विचारलं, ‘तवा साहेबाले काय सांगतलं होतं रे तुनं?’

त्यानं तोंडावरची काळी काच वर केली. ‘म्हटलं, मावशी म्हणून राह्यली तं असनच.’

‘अन् खरं काऊन नाही सांगतलं?’

तो हसला. ‘मंग काय तुमाले खोटं पाडू? साहेबाम्होरं?’ डबा उघडून करंजी तोंडात टाकली. ‘खोबरं कमी पडलं, मावशी, यंदा.’ मग काच खाली ओढली, म्हणाला, ‘तिकडे पाहा, डोये जातीन,’ आणि ठिणग्या उडायला लागल्या. मी तोंड फिरवलं. तेवढं मला चांगलं जमतं.

घरी आले तर संजू पातेल्यातला उरलेला शिरखुर्मा वाटीत घेऊन बसला होता, त्याच्या जर्सींच्या भिंतीखाली. बोट चाटत म्हणाला, ‘शबानाभाभीच्या हाताले तोड नाही, आई. त्याह्यचाच ना?’

‘हाव,’ मी म्हटलं, आणि त्याची वाटी पुन्हा भरली.