पडद्यावरची रांग

त्याच्या तोंडावर पहिली लाथ बसली तेव्हा मी कांदा मार्केटच्या ऑफिसात, वरच्या मजल्याच्या खिडकीशी लॅपटॉप घेऊन उभा होतो.

नाशिकजवळच्या त्या मार्केटसाठी लिलावाची रांग दाखवणारा मोठा पडदा मीच केला होता. ट्रॅक्टर ज्या क्रमाने फाटकातून येतील त्याच क्रमाने लिलाव, हा तिथला नियम. फाटकावरचा माणूस मोबाइलवर नंबर भरायचा आणि ते सगळे एका लिंकच्या शेपटीला, म्हणजे वेब-पत्त्याच्या शेवटी, जोडून माझ्या प्रोग्रामकडे यायचे. एरवी या शेपटीतल्या माहितीच्या रकान्यांची नावं आधीच ठरलेली असतात. इथे ट्रॅक्टरचा नंबर हेच नाव, आणि त्याच्यापुढे शेतकऱ्याचं गाव. म्हणजे रोज नवी नावं. म्हणून येतील ती सगळी नावं वाचून घ्यायची, असं मी लिहिलं. पण वाचून ती प्रोग्राममध्ये जिथे साठवली, तिथे आलेला क्रम टिकेलच असं नव्हतं. घरी चार नंबर टाकून पाहिले होते, नीट आले. मी खूश.

त्या सकाळी बागलाणातला एक शेतकरी सगळ्यांच्या शेवटी आत आला आणि पडद्यावर सगळ्यांच्या वर झळकला.

"आम्ही काय पहाटेपासून माशा मारतोय का रे?"

"फाटकावर किती चारले, सांग ना!"

"मी काहीच नही करं, भो," तो म्हणत होता. कोणीतरी कॉलर धरून त्याला ट्रॅक्टरवरून खाली ओढलं. मग लाथा. मग ट्रॉलीची लोखंडी पिन. रक्त कांद्यांवर उडालं.

चूक मला लगेच कळली. खिडकीतून ओरडलो असतो तरी चाललं असतं. मी खुर्चीत बसलो आणि प्रोग्राम दुरुस्त करू लागलो. रांग बरोबर दिसली की मार थांबेल, असं मला खरंच वाटलं.

पडदा बदलला. त्याचा नंबर वरून थेट तळाला गेला.

"बघा! चोरी पकडली तसा मागं टाकला!"

तोवर ज्यांनी हात उचलला नव्हता, तेही धावले. त्यांना पुरावा मी दिला होता. त्याचा हात कोपरातून उलटा वळलेला मी काचेतून पाहिला.

मी खाली पोचलो तेव्हा लिलाव सुरू झाला होता आणि लोक आपापल्या ट्रॉलीकडे पांगले होते. हमालांनी त्याला माझ्या गाडीत घातलं. फाटकाबाहेर पडल्यावर, काचा वर करून, मी त्याला सगळं सांगितलं.

तो मान वळवून माझ्याकडे पाहू लागला. मग फुटक्या ओठांनी म्हणाला, "मग हे तिथं बोलायचं ना, साहेब. सगळ्यांसमोर."

आधी दवाखाना गाठू, मी म्हणालो. ते खरंही होतं. मी गाडी वळवली नाही.