पप्पांनी मोजलेली सावली

माझी मुलगी सातवीत असताना तिच्या वर्गाला एक प्रोजेक्ट मिळाला होता. जुन्या ग्रीस, रोम किंवा इजिप्तमधला एक माणूस निवडायचा आणि त्याची एखादी कल्पना स्वतः करून बघायची. हजेरीपटात हिचं नाव शेवटचं. हिची पाळी येईपर्यंत विषाचा प्याला पिणारा म्हातारा गेला होता, न्हाणीतून तसाच ओरडत पळालेला गेला होता, आणि जग जिंकायला निघालेला तरुण राजा तर दोघींनी भांडून वाटून घेतला होता. हिच्या वाट्याला आला अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख. त्याचं लांबलचक नाव आम्हा दोघींनाही धड उच्चारता येत नव्हतं.

या माणसाने जग न फिरता पृथ्वीचा घेर सांगितला होता. दक्षिणेच्या एका गावात वर्षातल्या एका दिवशी भर दुपारी ऊन थेट विहिरीच्या तळाला पोचतं आणि कशाचीच सावली पडत नाही, असं त्याच्या कानावर आलं. त्याच दुपारी त्याच्या शहरात मात्र सावली पडत होती. त्याने तिचा कोन काढला, दोन गावांमधलं अंतर विचारून घेतलं आणि हिशेब मांडला.

"मम्मा, वी नीड टू सिटीज," मुलगी म्हणाली. एक काठी बहरीनमधल्या आमच्या सनदच्या घराच्या गच्चीवर उभी करता येणार होती. दुसरी कुठे?

मला पप्पा आठवले. वसईच्या मराठी शाळेत त्यांनी आयुष्यभर भूगोल शिकवला. आई गेल्यापासून आमचे फोन अगदी आखूड झाले होते. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, एवढंच मी विचारायची. "बरं आहे, बाय," आमच्याकडे लेकीला म्हणतात तसं ते मला म्हणायचे आणि फोन वहिनीकडे द्यायचे. त्या दिवशी मात्र मी प्रोजेक्टचं सांगितलं, आणि पलीकडून जो उत्साही आवाज आला, तसा मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता.

"तिला फोन दे," ते म्हणाले.

मुलीला मराठी सगळं समजतं, पण ती बोलते इंग्रजीत. पप्पा मराठीतच समजावत राहिले. काठी बरोबर एक मीटरची हवी. ओळंबा लावून सरळ उभी करायची. दोन्हीकडे एकाच दिवशी मोजायचं. "आपण एका रेषेवर नाही आहोत. तुम्ही आमच्या उत्तरेला आहात, तसे पश्चिमेलाही. पश्चिमेचं सोडून दे. नकाशात फक्त उत्तर-दक्षिण अंतर धर."

तिने ॲटलासवर पट्टी ठेवून साडेसातशे किलोमीटर काढले.

"बट आजोबा, हाऊ डू वी नो इट्स नून?"

"घड्याळावर जाऊ नकोस. आमच्या चर्चची बाराची घंटासुद्धा घड्याळाची आहे, सूर्याची नाही. सावली सगळ्यात आखूड होईल तेव्हा खरी दुपार."

आमचे घरमालक खालच्या मजल्यावर राहतात. वयस्कर बहरीनी गृहस्थ, जुन्या बाजारात दुकान चालवून हिंदी शिकलेले. मुलीला मॉपचा दांडा कापून घेऊन चढताना बघून त्यांनी चौकशी केली आणि म्हणाले, "सूरज सर के ऊपर से ढलता है, तब दुपहर की अज़ान होती है. उससे पहले ऊपर पहुँचो. यल्ला, चलो."

मार्चमधल्या त्या शुक्रवारी, पावणेबाराच्या सुमाराला, अजान सुरू होता होता आमची सावली एकोणपन्नास सेंटीमीटर भरली. पप्पांची दुपार आमच्या आधीच होऊन गेली होती. त्यांचा आकडा होता अडतीस. मुलीने कागदावर त्रिकोण काढून कोनमापकाने कोन मोजले, आणि दोन कोनांतल्या फरकावरून पृथ्वीचा घेर आला चोपन्न हजार किलोमीटर. पुस्तकात चाळीस हजार आहे.

"माझंच चुकलं असेल," पप्पा लगेच म्हणाले. "उद्या परत करू."

शनिवारी आमची सावली जवळजवळ तेवढीच होती. पप्पांनी एकतीस सांगितलं. पृथ्वी तीस हजारांवर आली.

"आजोबा, इट श्रँक ओव्हरनाइट," मुलगी हसत म्हणाली. पप्पा हसले नाहीत. बॅटरी संपत आली आहे म्हणाले आणि फोन बंद झाला.

मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. एकाच नमुन्याचे आकडे एकदा वर आणि एकदा खाली येऊ लागले, की आम्ही नमुन्याला दोष देत नाही. वाचतो कोण, ते बघतो. संध्याकाळी मी व्हिडिओ कॉल केला आणि पप्पांना टेप हातात घ्यायला सांगितली.

"कशाला आता?"

"घ्या ना. पस्तीसवर बोट ठेवून दाखवा."

त्यांनी टेप नाकाशी धरली. मग मान वळवून डोळ्याच्या कोपऱ्यातून तिच्याकडे बघितलं, अंगठ्याच्या नखाने रेषा चाचपत गेले आणि थांबले. बोट बावन्नवर होतं.

"पप्पा, कधीपासून?"

त्यांनी टेप गुंडाळून ठेवली. मग म्हणाले, "तुझी आई होती तेव्हाच सुरू झालं होतं. ती पेपर वाचून दाखवायची."

वहिनीला मी वेगळा फोन केला. ती आणि दादा सकाळी कामावर जातात ते संध्याकाळी येतात. पप्पा पेपर उघडून बसलेले असायचे, त्यामुळे तिला शंका आली नव्हती. बोलता बोलता ती म्हणाली की ते दिवसातून एकदाच जेवतात, तेही अर्धवट. ईस्टरआधीचा उपवासकाळ आहे म्हणून कोणी काही बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी मुलगी प्रोजेक्टचं शेवटचं पान लिहीत होती. अलेक्झांड्रियाचा तो माणूस म्हातारपणी आंधळा झाला, वाचता येईना म्हणून त्याने अन्न सोडलं आणि त्यातच गेला, असं सांगतात. तिने ते मला इंग्रजीत वाचून दाखवलं आणि 'डाइड'चं स्पेलिंग खोडून नीट केलं. मी आतल्या खोलीत जाऊन पप्पांना फोन लावला.

"पप्पा, त्या ग्रंथपालाचं पुढे काय झालं, तुम्हाला माहीत आहे?"

"माहीत आहे," ते म्हणाले. "इतकी वर्षं तो धडा शिकवला, पण मुलांना तेवढं कधी सांगितलं नाही."

"तुम्ही जेवत नाही म्हणे."

"ताटात काय आहे ते दिसत नाही, बाय. चारचौघांत सांडतं. म्हणून कमी घेतो. तू म्हणतेस तसं काही नाही."

मी तसं काही म्हटलं नव्हतं. पण मला कसली भीती वाटत होती ते आम्हा दोघांनाही कळलं होतं, आणि मी रडले. मी शांत होईपर्यंत ते फोन धरून बसले. मग म्हणाले, "मला आकडे दिसत नाहीत. सावली दिसते. आपल्या खळ्यात ऊन लख्ख असतं, काळं-पांढरं वेगळं कळतं. पोरीला सांग, शुक्रवारी शेवटचं एकदा करू."

त्या शुक्रवारी वहिनीने रजा घेतली. पप्पांनी काठीच्या बुडापासून सावलीच्या टोकापर्यंत सुतळी धरली. सावली आखूड होत जाईल तशी बोटं मागे घेतली, आणि ती पुन्हा लांबू लागली तेव्हा जिथे बोट होतं तिथे गाठ मारली. वहिनीने सुतळी मोजली. साडेएकोणतीस. आठवड्याभरात सूर्य वर सरकल्यामुळे आमची सावलीही त्रेचाळीसवर आली होती. घेर आला साडेएकेचाळीस हजार.

"दॅट्स क्लोज, आजोबा."

"त्यालाही इतकंच जमलं असणार," पप्पा म्हणाले. "तो काही विहीर बघायला गेला नव्हता. कोणीतरी तिथून खरं सांगितलं, म्हणून त्याचा हिशेब जमला."

हे तिला सांगितलेलं, पण लागलं मला. वसईचं माझं सगळं ज्ञान फोनवरून येणाऱ्या 'बरं आहे'वर उभं होतं.

दादाने त्याच आठवड्यात त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, डाव्यात काचबिंदूही. डाव्याची गेलेली नजर परत येणार नव्हती. ईस्टरनंतर उजव्याचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा मुलीला तिच्या मैत्रिणीच्या घरी ठेवून, दहा दिवसांची लीव्ह घेऊन मी एकटीच वसईला गेले.

पट्टी काढली त्या दुपारी पप्पा ओट्यावर काळा चष्मा लावून बसले होते. मी ताट आणून दिलं. त्यांनी मासे, भात, लोणचं एकेक करून बघितलं आणि सावकाश, सगळं जेवले. मी ताट उचलायला वाकले तर म्हणाले, "बस जरा. आता तुझं सांग. जावई फोनवर का नसतात?"

नवऱ्याची हॉटेलची नोकरी गेल्याला पाच महिने झाले होते. तो दोहाला दुसऱ्या कामावर गेला होता आणि सनदच्या घरात आम्ही दोघीच होतो. मी हे घरी कोणाला कळू दिलं नव्हतं. शिफ्ट असते, झोपलेत, बाहेर गेलेत, असं दर वेळी काहीतरी सांगत आले होते.

ताट बाजूला ठेवून मी त्यांच्याजवळ बसले आणि सगळं सांगितलं.