मशीन लावून झोपलो ती दुपार

पत्नी वारली तो गुरुवार होता. आज श्वासाच्या मशीनचा मास्क धुताना साबणाच्या वासाने आमच्या मसोलीच्या घरातली एक दुपार आठवली. झोपेत माझा श्वास अडकतो म्हणून डॉक्टरांनी दिलेलं मशीन तेव्हा नवं होतं. तलासरीच्या कारखान्यात रात्रपाळीला डुलकी लागली तर हात यंत्रात जाईल, म्हणून दिवसा ते लावून झोपणं भाग होतं. पण मास्कमधून नाकात जोराची हवा शिरली की जीव घुसमटायचा. मी मास्क काढून तळमळत पडायचो. त्या दुपारी शेजारच्या काकींनी खिडकीतून पाहिलं आणि मला ऑक्सिजन लावल्याचा निरोप कैनाडला माझ्या मामांकडे धाडला. मामा शहाळी घेऊन हजर. दारातच त्यांनी हळू विचारलं, "बोलतो का काही?" "मामा, हे घोरतात म्हणून आहे ते," पत्नी म्हणाली, "आणि सकाळपासून तीनदा काढून फेकलंय." मामा पलंगाशी खुर्ची ओढून बसले. "लाव पाहू. एवढा आलोय तर बघूनच जातो." मोठ्या माणसासमोर तळमळणंही बरं दिसेना, म्हणून मास्क लावून निमूट पडलो आणि झोप लागली. जाग आली तेव्हा मामा गेले होते, पत्नी पायाशी बसली होती. म्हणाली, "घोरणं ऐकू येईना, म्हणून दोनदा छातीवर हात ठेवून पाहिला." आता मशीन रोज लावतो. श्वास अडकत नाही, पण दुपारी दर थोड्या वेळाने जाग येते आणि खोलीत मी एकटाच असतो.